आमटीतलं मीठ आणि गिटची फांदी



गेल्या अंकातलं आमचं पासवर्ड-पुराण वाचून एका वाचकांनी उन्हाळी पिकनिकला, हातातला भेळेचा द्रोण सांभाळत, आम्हांला गाठलं. "लोकांना शहाणपण शिकवता, स्वतः कधी चुकता की नाही?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण परतताना गाडीत सौ. म्हणाल्या, "सांगून टाका की एकदा, आजींची गोष्ट." तेव्हा या खेपेला तीच. ज्यांना काँप्युटरचं वावडं आहे त्यांनीही पान उलटू नये. यात आमटी आहे, सातबारा आहे, आणि मधले तांत्रिक परिच्छेद गाळून वाचले तरी आमची फजिती पूर्ण कळेल.

मंडळाच्या चाळिसाव्या वर्षाची स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा नेहमीच्या कविता-पाककृतींच्या जोडीला एक वेगळं काम हाती घेतलं. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली जी पहिली मंडळी या भागात आली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढायच्या. समिती तिघांची. एक निवृत्त काका, पंच कार्डांच्या जमान्यातले, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत अत्यंत कडक. दुसरी कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जन्म इथलाच, पण मंडळाच्या मराठी शाळेत नेटाने शिकलेली आणि देवनागरी आमच्यापेक्षा भराभर टाइप करणारी. तिसरे अर्थातच आम्ही, 'तांत्रिक बाजू' सांभाळायला.

पहिले दोन महिने फायली ई-मेलने फिरल्या. 'आठवणी फायनल', 'आठवणी फायनल खरंच', 'आठवणी फायनल काकांनी पाहिलेलं'. शेवटी आम्ही इंजिनिअरच्या तोऱ्यात जाहीर केलं की हे सगळं आता 'गिट'मध्ये ठेवायचं. आम्ही २००३ साली एम.एस.ला आलो तेव्हा आमच्या लॅबमध्ये सीव्हीएस वापरत. गिट आलं २००५च्या एप्रिलमध्ये. लिनक्सच्या कामासाठी जे बिटकीपर वापरलं जायचं, त्याची फुकटची सोय बंद झाली, म्हणून लायनस टोरवाल्ड्स यांनी ते स्वतःच लिहायला घेतलं. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर त्यावरच काम करतात. मग आमच्या स्मरणिकेने काय पाप केलं होतं?

आता थोडी ओळख. गिटमध्ये आपण काम जमा केलं की त्याची एक नोंद होते, तिला 'कमिट' म्हणतात. प्रत्येक कमिटला ४० अक्षरी ओळख-क्रमांक मिळतो आणि तो आतल्या मजकुरावरूनच काढलेला असतो. एक काना बदला, क्रमांक बदलतो. प्रत्येक कमिटला आपल्या आधीचं कमिट कोणतं ते ठाऊक असतं, म्हणजे वंशावळच म्हणा. आणि 'ब्रँच', म्हणजे फांदी? नाव ऐकून वाटतं, केवढी मोठी वस्तू असेल. प्रत्यक्षात ती एक चिटोरी आहे हो! साधारणपणे एक छोटीशी फाइल, तीत ते ४० अक्षरांचं कमिट आणि पुढे ओळ संपल्याची खूण, एकूण ४१ बाइट्स. 'मेन' नावाची फांदी म्हणजे 'सध्या शेवटचं कमिट हे' असं सांगणारी चिटोरी. नवं कमिट आलं की चिटोरीवरचा जुना क्रमांक जातो, नवा येतो. सगळी कर्मकथा या एका खाडाखोडीची आहे.

एका शनिवारी ती मुलगी एका आजींकडे गेली. वय चौऱ्याऐंशी, १९६९च्या जानेवारीत नऊवारी बासनात बांधून आणि पायांत चपला घालून ओहायोच्या बर्फात उतरलेल्या. आजींनी रेकॉर्डर लावू दिला नाही. "ते यंत्र बंद कर बाई, मग बोलते." म्हणून ही मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्या बोलतील तसं टाइप करत बसली. चार तास. संध्याकाळी तिने ते काम कमिट करून सर्व्हरवर चढवलं.

इकडे रविवारी रात्री आम्हांला टापटिपीची लहर आली. काकांच्या शुद्धलेखनाच्या पंचवीसएक बारीकसारीक नोंदी होत्या, त्या एकत्र गुंफून आम्ही आमच्या मशीनवर इतिहास नीटनेटका केला. चढवायला गेलो तर गिटने नकार दिला. म्हणे, सर्व्हरवर तुमच्याकडे नसलेलं काही आहे, आधी ते आणा. आम्हांला वाटलं, आपण इतिहास बदललाय म्हणून कुरकुरतंय. रात्रीचे साडेअकरा, सकाळी ऑफिस. आम्ही 'फोर्स' लावला. म्हणजे, 'मी सांगतो ते लिही, तिथे काय आहे ते बघू नकोस.' गिट आज्ञाधारक. त्याने चिटोरीवरचा मुलीचा क्रमांक पुसून आमचा लिहिला. आजींचे चार तास सर्व्हरच्या 'मेन'वरून गेले, आणि आम्ही समाधानाने झोपलो.

इथवर निभावलं असतं, कारण मुलीच्या लॅपटॉपवर सगळं शाबूत होतं. सोमवारी तिचा फोन आला. "काका, सर्व्हरवरून आणलं तर एक प्लसची खूण आलीय आणि फोर्स्ड अपडेट म्हणतंय. काय करू?" आम्ही ट्रॅफिकमध्ये. म्हटलं, "काही नाही गं, मी साफसफाई केलीय. सर्व्हरवरचं खरं धर आणि हार्ड रिसेट मार." तिनेही काकांवर विश्वास ठेवून मारलं. झालं. तिच्याही चिटोरीवर आमचा क्रमांक आला.

पुढचे तीन आठवडे कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. परीक्षा, गणपती, ऑफिस. आणि मग बातमी आली की आजी गेल्या. अंत्यदर्शनाला त्यांच्या मुलाने आमचा हात धरून विचारलं, "आई सांगत होती, त्या मुलीशी खूप बोलले म्हणून. आम्हांला कधी काही बोलली नाही ती त्या दिवसांबद्दल. वाचायला मिळेल का?" आम्ही म्हटलं, हो तर, आजच पाठवतो. घरी येऊन फाइल उघडायला गेलो. फाइलच नव्हती.

मंडळी, पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. सौ.नी विचारलं, "काय झालं?" आम्ही म्हणालो, "काही नाही." लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर 'काही नाही' या शब्दांवर कोण विश्वास ठेवतं?

आता गिटची भली बाजू. चिटोरीवरचा क्रमांक खोडला तरी कमिट लगेच नष्ट होत नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरत नाही. आणि आपल्या स्वतःच्या मशीनवर गिट एक रोजनिशी ठेवतं, तिला 'रेफलॉग' म्हणतात. चिटोरी कधी, कशामुळे, कुठून कुठे हलली, याची ओळन् ओळ तीत असते. जे कमिट आता कोणत्याच फांदीच्या वंशावळीत नाही, त्याची नोंद ठरावीक पद्धतीत ३० दिवस राखतात. त्यानंतर जेव्हा केव्हा गिट झाडलोट करील तेव्हा ती जाते, आणि मागोमाग कमिटही. आम्ही बोटं मोजली. तो शनिवार धरून पंचविसावा दिवस होता.

रात्री साडेदहाला मुलीच्या डॉर्मवर फोन केला आणि खरं ते सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "काका, काय टाइप करू ते सांगा." रेफलॉग उघडला. वरच्या ओळीवर आमचे पराक्रम, त्यांच्याखाली 'हार्ड रिसेट'ची नोंद, आणि तिच्याखाली त्या शनिवारचं कमिट, पूर्ण क्रमांकासकट. त्या क्रमांकावर तिने आधी 'आजी' नावाची एक नवी फांदी काढली, म्हणजे आता झाडलोट झाली तरी धोका नको. मग फाइल उघडून मोठ्याने वाचायला लागली. दोन परिच्छेद वाचले आणि तिलाही पुढे वाचवेना, आम्हांलाही ऐकवेना.

तर मंडळी, सुटलो. पण सुटलो तो दैवाने. ती सुट्टीत लॅपटॉप बदलणार होती, ते राहून गेलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी निवृत्त काकांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "अरे, हे तर आमटीतलं मीठ!" काकू हसल्या, कारण ती त्यांच्याच घरातली जुनी गोष्ट. काकूंनी आमटीची चव घेतली, अळणी. तेवढ्यात फोन वाजला. त्या बोलत असताना सासूबाई आल्या, चव घेतली, मीठ घातलं, गेल्या. काकू परत आल्या आणि मघाची चव स्मरून पुन्हा मीठ घातलं. दोघींचंही चुकलं नव्हतं. घात केला तो चव घेणं आणि मीठ घालणं यांच्यामधल्या वेळाने. काका पुढे म्हणाले, "सत्तरच्या दशकात आमच्या आयबीएम सिस्टिम ३७०वर यासाठी खास सूचना होती, कंपेअर अँड स्वॉप. मघाशी पाहिलं तेच अजून असेल तरच बदल, नाहीतर हात लावू नकोस. पाहणं आणि बदलणं एका दमात, मध्ये कुणी शिरायचं नाही."

गिटमध्येही नेमकी हीच सोय आहे, आणि ती आम्हांला ठाऊक असूनही आम्ही वापरत नव्हतो. रोज रात्री नवी पीडीएफ तयार करून 'छपाई' नावाची फांदी पुढे सरकवणारा आमचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो फांदीचा क्रमांक वाचायचा, दहा मिनिटं पीडीएफ करत बसायचा, आणि मग नवा क्रमांक लिहून टाकायचा. त्या दहा मिनिटांत काकांनी 'छपाई'वर काही दुरुस्ती केली तर ती गडप! काका दोनदा तक्रार करून चुकले होते की 'मी सुधारलेली वेलांटी परत येते', आणि आम्ही मनात म्हणायचो, वय झालं. वय त्यांचं झालं नव्हतं, अक्कल आमची कमी पडत होती.

फांदीची चिटोरी हलवायची गिटची मूळ आज्ञा आहे 'अपडेट-रेफ'. तिला फांदीचं पूर्ण नाव द्यायचं, नवा क्रमांक द्यायचा, आणि, इथेच बहुतेक जण आळस करतात, त्यापुढे जुना क्रमांकही द्यायचा. जुना दिला की गिट आधी त्या फांदीसाठी एक कुलूप-फाइल तयार करतं. ती एका वेळी एकालाच मिळते. कुलूप हाती आलं की चिटोरीवर खरोखर तोच जुना क्रमांक आहे का पाहतं, असेल तरच नवा बसवतं, नाहीतर साफ नकार. चुकून नवा-जुना उलटे दिले तरी नकारच येतो, नुकसान होत नाही. नवीच फांदी काढायची असेल आणि त्या नावाची आधी कुणी काढलेली नाही याची खात्री हवी असेल, तर जुन्याच्या जागी चाळीस शून्यं द्यायची. दोन-तीन फांद्या एकदम हलवायच्या असतील, तर सगळ्या हलतील नाहीतर एकही नाही, अशीही व्यवस्था आहे.

काही बहाद्दर ही आज्ञा न वापरता सरळ त्या चिटोरीच्या फाइलमध्ये क्रमांक लिहून मोकळे होतात. तसं करू नये. ना कुलूप, ना तपासणी, ना रोजनिशीत नोंद. शिवाय गिट कधीकधी सगळ्या चिटोऱ्या एकाच फाइलमध्ये बांधून ठेवतं, तेव्हा तुम्ही बघाल ती चिटोरी जागेवर असेलच असंही नाही. कुलूप-फाइल मागे राहून गेली असेल, तर दुसरं कुणी गिट चालवत नाही याची खात्री झाल्याशिवाय तीही उडवू नये.

आम्ही कोकणातले, त्यामुळे आम्हांला यात सातबारा दिसला. गावी वडिलांच्या पश्चात आमची आणि भावाची नावं लागली, तेव्हा तलाठ्याने सरळ उताऱ्यावर नाव लिहिलं नाही. आधी गाव नमुना ६मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद. मग संबंधितांना नोटीस, हरकत असेल तर सांगा. मग मंजुरी, आणि मगच उताऱ्यावर बदल. आणि हातांनी लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर आधीचं नाव पुसलेलं नसे, त्याला कंस केलेला असे, शेजारी फेरफाराचा क्रमांक. तुम्ही म्हणाल, केवढा तो वेळ! खरंय. पण पन्नास वर्षांनी 'ही जमीन कुणाकडून कुणाकडे आली' हे त्या कंसांवरूनच कळतं. रेफलॉग म्हणजे आपला फेरफार.

आता दोन बारकावे. हे आम्हांलाही ठेचकाळूनच कळले.

पहिला. 'जुना क्रमांक तोच आहे' एवढ्यावरून 'नव्यात जुनं काम आहे' असं सिद्ध होत नाही. मधे कुणी हात लावला नाही, इतकंच कळतं. म्हणून आधी हेही विचारावं की जुनं कमिट नव्याच्या पूर्वजांत आहे ना? गिट याचं सरळ हो-नाही उत्तर देतं.

दुसरा बारकावा जास्त महत्त्वाचा. नकार आला तर काय करायचं? आमच्या प्रोग्रॅमची पहिली दुरुस्ती आम्ही अशी केली की नकार आला तर ताजा जुना क्रमांक वाच आणि तोच आपला नवा पुन्हा लिही. काकांनी एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे पुन्हा चव घेतलीस, खारट लागली, आणि तरी ठरलेलं मीठ घातलंस." बरोबर होतं त्यांचं. नकार म्हणजे नव्याने विचार करा, दुसऱ्याचं काम आत घ्या, पीडीएफ पुन्हा करा, मग लिहा. तेव्हापासून काकांची वेलांटी जागेवर आहे.

सर्व्हरवर चढवतानाचा 'फोर्स' हा तर उघड दरोडा. त्याचा सभ्य भाऊ २०१३पासून गिटमध्ये आहे. नाव 'फोर्स-विथ-लीज'. तो म्हणतो, सर्व्हरवर अमुक क्रमांक असेल तरच माझा बसवा. त्या रविवारी हा वापरला असता तर आमच्या मशीनला ठाऊक असलेला क्रमांक शुक्रवारचा, सर्व्हरवरचा शनिवारचा, आणि गिटने आम्हांला दारातूनच परत पाठवलं असतं. मात्र यातही मेख आहे. अपेक्षित क्रमांक आपण स्वतः दिला नाही, तर सर्व्हरवर शेवटी काय दिसलं होतं याची आपल्या मशीनवरची नोंद तो प्रमाण मानतो. हल्लीचे काही एडिटर मागच्या मागे सर्व्हरवरून आणत असतात, त्यामुळे ती नोंद आपल्या नकळत ताजी होते, आणि आपण न पाहिलेलं काम 'पाहिलेलं' ठरतं. म्हणून क्रमांक हातांनी द्यावा. किंवा २०२०च्या डिसेंबरात आलेला 'फोर्स-इफ-इन्क्लूड्स' हा पर्याय जोडीला लावावा. आणलेलं काम आपल्यात खरोखर आलंय का, ते तो तपासतो.

आमच्यासारख्यांसाठी गाठीला बांधायच्या गोष्टी एवढ्याच:

१. जिथे जिथे प्रोग्रॅम फांदी हलवतो, तिथे जुना क्रमांक दिल्याशिवाय हलवू देऊ नका.

२. सगळ्यांची मिळून असलेली मुख्य फांदी सर्व्हरवरच बंदिस्त करा. इतिहास मागे फिरवणारे आणि फांदी खोडणारे बदल नाकारण्याची सोय गिटमध्ये आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही ते नंतर केलं.

३. दुसऱ्याने उघडून ठेवलेली फांदी त्याच्या पायाखालून 'अपडेट-रेफ'ने हलवू नका. चिटोरी सरकते, पण त्याच्या समोरच्या फायली तशाच राहतात आणि बिचाऱ्याला भलतेच बदल दिसू लागतात.

४. 'हार्ड रिसेट' सांगण्याआधी समोरच्याला एक फांदी काढून ठेवायला सांगा. फुकट असते, ४१ बाइट्स.

५. काही हरवलंसं वाटलं तर आधी थांबा. साफसफाईची कोणतीही आज्ञा देऊ नका. रेफलॉग बघा. आणि ज्याच्या मशीनवर काम झालं होतं, त्याचीच रोजनिशी बघा, कारण ती सर्व्हरवरून उतरत नाही, ज्याची त्याची असते.

शेवटची गोष्ट तांत्रिक नाही. ट्रॅफिकमध्ये असताना कुणी "काय करू?" विचारलं तर "घरी पोचून सांगतो" म्हणावं. त्या मुलीने बरोबर ओळखलं होतं की काहीतरी विचित्र आहे. विचारलंही होतं. आम्हीच मोठेपणाच्या घाईत तिला उत्तर दिलं, आणि मोठ्यांचं ऐकावं म्हणून तिने ऐकलं.

आजींचा लेख स्मरणिकेत सर्वांत आधी छापला. त्यांच्या मुलाला आम्ही छापील प्रतीआधीच कागद नेऊन दिला, आणि तो तीन आठवडे का मिळाला नसता, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आई असती तर म्हणाली असती, मिळालं ना, मग जेवून जा." वहिनींनी पानं वाढली. आमटी होती. मीठ अगदी बेताचं.

बरंय मंडळी, पुढच्या अंकात भेटूच. तोवर काही वाचवायचं असेल तर आजच वाचवा. कळावे, लोभ असावा.